तयारीचा शनिवार

ही गोष्ट फार जुनी नाही, गेल्या एप्रिलातली आहे. गावाचं नाव मात्र सांगत नाही, कारण तिथं अजून माणसं राहतात आणि रविवारी घंटा वाजली की देवळात जातात. सोलापूरहून मैंदर्गीच्या वाटेला एसटीनं निघालं की दीड-एक तासानं एक फाटा लागतो. फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. तिथून आत दहा मिनिटं चाललं की उजव्या हाताला एक दगडी इमारत दिसते. सगळा गाव तिला चर्च म्हणतो, पण ख्रिस्ती माणसं देऊळच म्हणतात. गाव तिच्या पुढं, ओढ्यापलीकडं. त्यामुळे देवळाच्या आसपास घर असं नाही. आहे ती नुसती काळी रानं.

त्या शनिवारी सकाळी आठ वाजता शालनबाई घरातून निघाल्या, तेव्हा त्यांना काळजी होती ती एवढीच, की टेबलक्लॉथची इस्त्री मोडू नये. बारा हात लांबीचं ते पांढरं कापड त्यांनी रात्री स्वतः धुऊन, सकाळी इस्त्री करून हातावर आडवं घेतलं होतं. फोन चार्जिंगला लावलेला घरीच राहिला. तो न्यायचाही नव्हता. तयारीच्या शनिवारी देवळात फोन न्यायचा नाही असा नियम होता.

या मंडळीत नियम बरेच होते. प्रेस्बिटेरियन मंडळी म्हणजे वडिलांची मंडळी. वडील म्हणजे लोकांनी निवडलेले पाच-सहा जाणते, तेच सगळं ठरवणार. वर्षातून चार वेळा प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी एका टेबलाशी बसून भाकर आणि द्राक्षारस घ्यायचा विधी, व्हायचा, आणि त्याच्या आदल्या शनिवारी वडील प्रत्येकाला एक शिशाचा बिल्ला द्यायचे. ज्याची वागणूक ठीक त्याला बिल्ला. ज्याच्याजवळ बिल्ला नाही त्यानं रविवारी टेबलाशी बसायचं नाही. इतर गावांतून ही चाल कधीच गेली. या गावात चालू राहिली, आणि लोकांना तिचा अभिमान होता.

शालनबाई गावातल्या बालवाडीत शिकवत. मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते, सहा वर्षांपूर्वी गेले. अक्षर चांगलं म्हणून मंडळीचं लिहायचं काम त्यांच्याकडं आलं होतं. यंदा मंडळीला सव्वाशे वर्षं पूर्ण होत होती, त्याची स्मरणिका त्यांनीच लिहिली. जुन्या सभांची पुस्तकं वाचता वाचता त्यांना हे देऊळ घरच्या माणसासारखं कळत गेलं. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून ते बांधलं होतं. ज्या हातांनी खडी फोडली त्यांनाच संध्याकाळी ज्वारी मिळायची. मग विहीर झाली, आणि तिच्यावर कुणालाही पाणी भरता यायचं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. मग शाळा, बोर्डिंग, दवाखाना. बौद्धवाड्यातली पहिली मास्तरीण त्या शाळेतली, तलाठी त्या शाळेतला, आसपासच्या खेड्यांतल्या निम्म्या नर्सा त्या शाळेतल्या. हे सगळं लिहिताना शालनबाईंचा ऊर भरून यायचा. फक्त एका पानाशी येऊन त्या थांबल्या होत्या.

नवनाथ गुरुजी देवळात आधीच येऊन बसले होते. हे मंडळीचे मुख्य वडील, शाळेचे रिटायर्ड हेडमास्तर. शालनबाईंना त्यांनीच दहावीपर्यंत शिकवलं होतं, म्हणून पन्नाशी उलटली तरी गुरुजींपुढं त्या उभ्याच राहायच्या. टेबलावर १९१८ सालचं सभेचं पुस्तक उघडं होतं, आणि त्याच्याशेजारी एक नवं ब्लेड.

"स्मरणिकेतून तू ते पान गाळलंस, बरं केलंस," गुरुजी म्हणाले. "पण पाहुणे हे पुस्तकही बघणार. काचेच्या पेटीत ठेवायचंय. तेव्हा यातूनही काढ."

"गुरुजी, पुस्तकातलं राहू द्या ना. चूक झाली होती, आपणच कबूल केली तर काय बिघडलं?"

"वाच. खालची पहिली सही वाच."

शालनबाईंना ते पान पाठ होतं. *दि. १२ ऑक्टोबर १९१८, शनिवार. मानमोडीचा ताप वाढता. देवळात साठ माणसे आश्रयास. औषध व पेज मोजकी. ठराव : ज्याच्याजवळ बिल्ला आहे त्यासच आत घ्यावे. अंबुबाई हिने मुलीच्या गळ्यात गंडा बांधल्यावरून तिचा बिल्ला मागील महिन्यात काढून घेतला आहे. ती दुपारी बारा वाजता मुलीस कडेवर घेऊन दाराशी आली. तीन वाजेपर्यंत दार ठोठावीत होती. दार उघडले नाही. तीन वाजता ठोठावणे थांबले. मुलीचे नाव नोंदलेले नाही.*

खालची पहिली सही गुरुजींच्या आजोबांची होती.

"माझ्या आजोबांनी या गावातली दोनशे पोरं शिकवली," गुरुजी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा करडा नव्हता. "ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही. हे राहील. बघ शालन, मी पण म्हातारा झालो. मला एवढं कर."

शालनबाईंनी पुस्तक हळूच जवळ ओढलं. मग त्यांनी आठ दिवस मनात घोळवलेलं विचारलं. "चैतालीचं काय ठरवलंत?"

चैताली त्यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षांपूर्वी तिनं अक्कलकोटच्या संगमेशशी लग्न केलं. तो लिंगायत, किराणा दुकानवाल्यांच्या घरचा. माणसं भली होती. सासू रत्नम्मा तर म्हणायची, "नातीचं नाव तुमच्या देवळातच ठेवा की, आमचं काय जातंय?" पण मंडळीच्या वडिलांनी चैतालीचं नाव पटावरून काढलं होतं, आणि पटावर नाव नसलेल्या आईच्या लेकराला बाप्तिस्मा द्यायचा नाही, हा आणखी एक नियम. नात तीन महिन्यांची झाली तरी बिननावाची होती. सासरी तिला नुसतं पुट्टी म्हणत.

गुरुजींनी खिशातून एक बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "हा चैतालीचा. तू पान काढ, मी तिचं नाव घालतो. बाकीच्या वडिलांचं मी बघून घेईन. उद्या ती तुझ्याशेजारी बसेल, आणि बाप्तिस्माही उद्याच."

शालनबाईंनी ब्लेड घेतलं. कागद जुना होता, एका ओढीतच सुटला. गुरुजींनी त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि काठी घेऊन ते जेवायला घरी गेले.

पावणेबाराला सिद्धप्पा आला. तो देवळाचा राखणदार. त्याच्या आधी त्याचा बाप होता. वय सत्तरीचं, डोक्याला मळकं मुंडासं, चालताना एक पाय ओढायचा.

"अक्का, पाणी-बिणी काय आणायचं असंल तर आत्ताच आना. बारा वाजले की दार लावतो."

"मामा, एवढ्या उन्हात दार लावून आत शिजायचं का? आज थोडं उघडं राहू द्या."

"न्हाय जमायचं," तो म्हणाला आणि हसला. "शंभर वर्सांचा नेम तुमच्या घामासाठनं मोडू व्हय?"

तयारीच्या शनिवारी बारा ते तीन दार बंद ठेवायचं, आत फक्त टेबल मांडणाऱ्यांनी थांबायचं, हे शालनबाईंना माहीत होतं. मन एकाग्र व्हावं म्हणून तसं करतात असं लहानपणी सांगितलं होतं. टेबल मांडायची पाळी मात्र त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती. नाहीतर ते काम मंडळीच्या वडिलांच्या घरच्या बायका करत, आणि त्या दिवसाबद्दल त्या कधी बोलत नसत.

सिद्धप्पानं दार लोटलं. सागवानी, दोन फळ्यांचं, हत्तीसारखं दार. आतून लोखंडी अडसर टाकला, वर कडी लावली. देवळाला दुसरं दार नव्हतं. खिडक्या होत्या त्या पुरुषभर उंचीवर, आणि उन्हामुळं त्यांची झडपं लावलेली. आत एकदम अंधारल्यासारखं झालं. झडपांच्या फटींतून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी खाली आलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती.

दोघं कामाला लागले. मधल्या वाटेत लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, दोन्हीकडं बाकं. शालनबाई कापडाच्या कडा सारख्या करत होत्या. सिद्धप्पा ग्लास पुसत होता. बाहेर पाखरू ओरडत नव्हतं. एप्रिलातल्या दुपारी आमच्याकडं रान असंच पडतं, जीव गेल्यासारखं.

टक्. टक्.

शालनबाईंनी मान वर केली. आवाज दारातून आला होता, पण खालून. उभं राहून दार वाजवणाऱ्याचा हात जिथं पोचतो तिथून नव्हे, गुडघ्याच्याही खालून. उंबऱ्यावर बसलेल्या माणसानं मागं हात करून वाजवावं तसा.

"मामा, कोणी आलंय."

"वारं हाय."

"आज कुठं आलंय वारं?"

सिद्धप्पानं ग्लास पुसायचा थांबवला नाही. टक्. टक्. टक्. मग थोडं थांबून पुन्हा. आवाजात घाई नव्हती. कितीतरी वेळ वाजवून थकलेल्या माणसाचा तो आवाज होता.

"मामा, खरं सांगा."

"खरं सांगू? मग घाबरू नका." त्यानं ग्लास उपडा ठेवला. "तयारीच्या शनवारी येती ती. वरसातनं चार डाव. वाजवती, तीन वाजले की थांबती. माझ्या बापानं सांगितलं हुतं, तीन वाजेपतुर कडीला हात लावायचा न्हाय. माझ्या हातनं कधी लागला न्हाय."

"कोण येते?"

"तुमी लिवलंय न्हवं समदं? तुमास्नीच ठावं."

शालनबाईंच्या पाठीवरून घामाचा ओघळ सरकला तो गार लागला. अंबुबाई दाराशी आली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. आज सकाळपर्यंत तिची निदान तेवढी एक आठवण जगात होती, पिवळ्या कागदावर, तिला विसरू बघणाऱ्यांच्याच अक्षरात. आणि ती आपण आपल्या हातानं काढून दिली.

"गुरुजींना माहीत आहे हे?"

"तेंच्या बापालाबी ठावं हुतं," सिद्धप्पा म्हणाला. मग दाराकडं बघत हळूच पुटपुटला, "आज जरा जोरातच हाय."

त्यांनी उरलेले ग्लास मांडले. मांडताना शालनबाईंच्या हातून एक खणखणला, तेव्हा दोघंही दचकले. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले, पाऊण वाजला. खालचं ठोठावणं बंद पडलं. शालनबाईंनी श्वास सोडला.

आणि दार वरच्या बाजूला वाजलं. चांगलं खणखणीत, तळहातानं.

"आई! आई, आहेस का गं आत?"

शालनबाईंच्या हातातलं फडकं खाली पडलं. आवाज चैतालीचा होता.

"आई, घराला कुलूप आहे. फोन उचलत नाहीस. लवकरची गाडी मिळाली म्हणून आले. दार उघड की."

त्या दाराकडं धावल्याच. हात अडसराला लागणार तेवढ्यात सिद्धप्पानं त्यांचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या बोटांत एवढी ताकद असेल असं वाटलं नसतं.

"अक्का, थांबा."

"सोडा मामा! माझी पोरगी आहे ती."

"पोरगी कवा येनार हुती?"

"चारच्या गाडीनं... पण लवकर आली असेल..."

"माझ्याशी ती माझ्या आईच्या आवाजात बोलली हुती," सिद्धप्पा कुजबुजला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "'सिद्धू, तहान लागली रे,' म्हनली. आई जाऊन दहा वर्सं झालती तवा. आत बसल्यालं मानूस ज्येची वाट बघतं, त्येच्या आवाजात बोलती. मी दोन तास रडत बसलो, पर उघडलं न्हाय."

"आई..." बाहेरून आवाज आला. "बाळाला ऊन लागतंय गं. सावली पण नाही इथं कुठं."

शालनबाई दाराकडं झुकल्या. त्यांनी दाराला कान लावला. लाकूड तव्यासारखं तापलं होतं. पलीकडून लेकराचं कुरकुरणं ऐकू आलं, आणि मग लहान, कोरडा खोकला. की खोकल्यासारखं काही.

"चैताली..." त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "बाळाचं नाव काय?"

बाहेर लेकरू पुन्हा कुरकुरलं.

"असं काय विचारतेस, आई? नाव कुठं ठेवलंय अजून?"

*मुलीचे नाव नोंदलेले नाही.* शालनबाईंनी डोळे घट्ट मिटले. उत्तर बरोबर होतं. दोघींचंही बरोबर होतं.

"घरी... घरी काय म्हणतात तिला?"

"पुट्टी म्हणतात. आई, तुला झालंय काय? थट्टा नको करू, मला चक्कर येतेय."

"मामा, ऐकलंत? पुट्टी म्हणाली! हे दुसऱ्या कुणाला माहीत असणार?"

सिद्धप्पानं मान हलवली. "हितं कानडी घरातल्या समद्या तान्ह्या पोरीस्नी पुट्टीच म्हनत्यात, अक्का. त्या वक्तालाबी म्हनत हुते." त्यानं शालनबाईंचा हात सोडला. मग अडसराखाली दाराला पाठ लावून तो बसला. "माझ्या अंगावरनं जाऊन उघडायचं असंल तर उघडा. पर एकदा उघडलं तर जे आत यील, त्ये परत जायाचं न्हाय."

सगळा प्रश्न एवढाच होता. बाहेर आपली पोर असेल आणि दार उघडलं नाही, तर तान्हं लेकरू उन्हात जाईल. बाहेर आपली पोर नसेल आणि दार उघडलं, तर... त्यांना पुढचं समजेना. एकच गोष्ट डोक्यात पुन्हा पुन्हा येत होती. चैताली चारच्या गाडीनं येणार होती. तिनं काल तीनदा सांगितलं होतं, चारच्या. ती शब्दाची पक्की होती.

त्यांनी उघडलं नाही.

बाहेरची हाक हळूहळू बारीक होत गेली. "आई... ए आई..." मग नुसतं लेकराचं रडणं. मग तेही थांबलं. ते थांबलेलं जास्त वाईट होतं. शालनबाई टेबलाजवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि प्रार्थना करू लागल्या. सिद्धप्पानंही दाराशी बसल्या बसल्या मान खाली घातली. डोळे मिटून त्या किती वेळ बसल्या, त्यांना सांगता आलं नाही. पाच मिनिटं असतील, वीस असतील. मध्येच एकदा पायांवरून गार झुळूक गेल्यासारखी वाटली आणि नीलगिरीच्या तेलाचा वास आला. पूर्वी तापकऱ्याच्या उशाशी ठेवायचे तसा. त्यांनी डोळे उघडले. अडसर जागच्या जागी होता, कडी जागच्या जागी, आणि सिद्धप्पा दाराला पाठ टेकून तसाच बसलेला.

तीनचे ठोके पडले. सिद्धप्पा उठला. त्यानं कडी काढली, अडसर सरकवला आणि दार ओढलं. पांढरं झगझगीत ऊन आत घुसलं.

उंबऱ्याच्या कडेला, भिंतीच्या वीतभर सावलीत, चैताली बसली होती. तोंड लाल झालेलं, ओठांना कोरड, डोक्यावरून पदर ओढलेला. शेजारी प्रवासाची बॅग. तिच्या मांडीवर काही नव्हतं.

"चैताली!" शालनबाईंचा आवाज फुटला. "अगं देवा... तूच होतीस! बाळ कुठंय? बाळ कुठंय गं?"

चैतालीनं डोळे किलकिले करून वर बघितलं आणि थकलेलं हसली. "झोपली का? मला पण घ्यायचंस ना आत. लेकीवर राग, आणि नातीवर माया होय?"

"काय बोलतेस?"

"मघाशी तूच घेतलंस की तिला. दार एवढंसं उघडलंस." तिनं वितीएवढं बोटांनी दाखवलं. "हात बाहेर काढलास आणि म्हणालीस, दे इकडं, आत गार आहे. मी म्हटलं मी पण येते, तर दार लावून घेतलंस. मला वाटलं नियम असेल काहीतरी तुमचा. आणि काय गं, हिरव्या बांगड्या घातल्यास? उत्सवाच्या का?"

शालनबाईंनी आपल्या हातांकडं बघितलं. मिस्टर गेल्यापासून त्यांच्या हातात घड्याळाशिवाय काही नव्हतं.

त्या वळल्या आणि आत धावल्या. सिद्धप्पा पाय ओढत मागून आला. बाकांखाली, वेदीमागं, वर गॅलरीच्या जिन्यात, कुठंच काही नाही. मग सिद्धप्पानं टेबलाच्या पार टोकाकडं बोट केलं. तिथं शेवटच्या बाकावर, उद्या जिथं मंडळीतलं शेवटचं माणूस बसणार होतं तिथं, फुलाफुलांच्या दुपट्यात गुंडाळलेलं लेकरू होतं. दोघं तीन तास तिथंच वावरले होते. ग्लास मांडले होते.

शालनबाईंनी झडप घालून उचललं. जिवंत होतं. उबदार नव्हतं, पण जिवंत होतं. श्वास चालू, डोळे मिटलेले. केसांना नीलगिरीचा वास येत होता. दुपट्याच्या खालून दोन्ही पावलं बाहेर आली होती. त्या ती आत सारायला गेल्या, पण दुपटं पुरेना. घाईत नीट गुंडाळलं नसेल असं त्यांना वाटलं. रडत रडत त्यांनी लेकरू चैतालीच्या हातात दिलं.

"लेकरा माफ कर गं मला. मी दार उघडायला हवं होतं. मी उघडलं नाही."

"असू दे आई, घेतलंस ना शेवटी," चैताली म्हणाली. तिला काहीच कळलं नव्हतं. सिद्धप्पानं तिला पाणी दिलं. ती दोन तांबे प्याली आणि दाराजवळच्या बाकावर पदराखाली लेकराला घेऊन बसली.

एवढ्यात नवनाथ गुरुजी पटाचं पुस्तक आणि बिल्ल्यांची पेटी घेऊन आले. त्यांच्यामागं दूर ओढ्याच्या वाटेवर मंडळीतली माणसं छत्र्या घेऊन येताना दिसत होती. शालनबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. आज त्यांनी मान खाली घातली नाही. जे झालं ते सगळं त्यांनी सांगितलं, हिरव्या बांगड्यांसकट.

गुरुजी ऐकता ऐकता बाकावर बसले. खिशातून घडी घातलेलं पान काढलं आणि कितीतरी वेळ नुसतं हातात धरलं.

"माझे वडील मरताना म्हणाले होते," ते बोलले, "एकदा उघडा रे तिला. मी म्हटलं, भ्रमात बडबडतात." त्यांनी पान सरळ केलं, सभेच्या जुन्या पुस्तकात जागच्या जागी ठेवलं आणि वरून हात फिरवला. "हे राहू दे इथंच. बघू दे पाहुण्यांना. आणि उद्याची वाट बघायला नको, शालन. दोघींची नावं मी आत्ताच घालतो. लोक यायच्या आत."

शालनबाईंचे डोळे पुन्हा भरून आले. चार वर्षं ज्यासाठी त्या झुरल्या, ते त्यांच्या डोळ्यांसमोर होत होतं. गुरुजींनी चष्मा लावला, पट उघडला, पेनाचं टोपण काढलं. चैतालीचं नाव त्यांनी हळूहळू, वळणदार लिहिलं.

"आई," मागून चैतालीची हाक आली. अगदी हळू. "आई, इकडं ये जरा."

शालनबाई गेल्या. चैतालीनं पदर बाजूला केला होता. तिचा चेहरा उन्हानं लाल होता, तो आता राखेसारखा झाला होता.

"हिनं मला चावलं गं."

"अगं, भुकेनं हिरड्या दाबल्या असतील..."

"नाही. बघ तू."

छातीवर रक्ताचा एक बारीक थेंब होता. लेकरू जागं झालं होतं आणि शालनबाईंकडं बघत होतं. शालनबाईंनी करंगळी त्याच्या ओठांशी नेली. तोंड आपणहून उघडलं. त्यांनी बोट आत फिरवलं. खाली दोन दात. वर दोन. आणि मागच्या बाजूला, उजवीकडं, नुकतीच फुटलेली एक दाढ.

"शालन," टेबलाकडून गुरुजींनी हाक मारली. "लेकराचं काय नाव लिहू? जागा सोडलीय मी."

लेकरानं तोंड मिटलं. जोरात नाही, दुखेल असं नाही. पण शालनबाईंनी बोट ओढून बघितलं, तर ते सुटत नव्हतं.